गांजाचा कर आणि दवाखान्यातली खाट

ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला. कुठल्याच पिकाला भाव नाही, घातलेला खर्चही निघत नाही, गांजाला मात्र चांगला दर आहे. तेव्हा माझ्या रानात गांजा लावायची परवानगी द्या. उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरून १६ सप्टेंबरपासून लागवड सुरू करतो, असंही त्याने त्यात लिहिलं होतं. अर्ज पोलिसांकडे गेला. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप ठरवलं, वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून छापलं आणि चार दिवसांत सगळे विसरले.

मला तो अर्ज हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. मोहोळपासून सांगोला, आटपाडी, जत, माण, खटाव हा सगळा एकच कोरडा पट्टा. इथल्या शेतकऱ्याला गांजाचं झाड अनोळखी नाही. उसाच्या फडात, मक्याच्या आड, कधी हळदीच्या सरीत लावलेली झाडं पोलिसांनी उपटून नेल्याची बातमी सातारा-सांगलीच्या पानावर अधूनमधून येतेच. ओल्या झाडांचं वजन, बाजारभावाने काढलेली किंमत, झाडांमागे उभे राहिलेले अंमलदार, एवढ्यावर ती बातमी संपते. मोहोळच्या शेतकऱ्याने इतकंच केलं, की जे चोरून होतं ते अर्जावर तिकीट लावून मागितलं.

गांजा कायदेशीर करावा का, आणि केलाच तर त्यावरच्या करातून व्यसनमुक्तीचा खर्च भागवावा का, या दोन प्रश्नांवरचे लेख या पुस्तकात आहेत. लेखक एकमताचे नाहीत. काही जण बंदीच्या बाजूचे, काही मोकळीक मागणारे, तर काहींना हा प्रश्नच आपल्याकडचा वाटत नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्याने खरं तर कुणाची बाजू घेऊ नये. पण हे लेख वाचून झाल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते लपवून तटस्थपणाचा आव आणण्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं. कायदा सैल करायचा की आवळायचा, या वादाआधी उपचाराची खाट कुठे आहे आणि तिचे पैसे कोण भरतो, हे ठरलं पाहिजे. ते ठरलं नाही तर दोन्ही कायदे सारखेच निरुपयोगी ठरतात. हे मी का म्हणतो, ते पुढे येईल.

आधी थोडा इतिहास, कारण या वादात इतिहासाचं नाव घेऊन बरंच काही खपवलं जातं. ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाल्यावर १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने गांजा, चरस आणि भांग यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. बेताने घेतलेल्या गांजाने फारसं बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं, सरसकट बंदी घालू नये, लागवड आणि विक्री परवान्याखाली आणून कर वाढवावा, असा त्याचा साधारण सूर होता. आजचे मोकळीकवाले हा अहवाल डोक्यावर घेतात. तो कर गोळा करणाऱ्या सरकारचा अहवाल होता आणि परवान्याची शिफारस त्या सरकारच्या सोयीचीही होती, हे मात्र ते सांगत नाहीत.

तरी त्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवहीत वेडाचं कारण म्हणून जागोजागी गांजा लिहिलेला होता. आयोगाने त्या नोंदी एकेक करून उकलल्या. तेव्हा दिसलं, की रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात काहीतरी हवं म्हणून पुष्कळदा गांजा लिहून टाकलेला होता. नीट छाननी केल्यावर त्यांतल्या निम्म्याहून कमी नोंदी टिकल्या. याचा अर्थ गांजाने डोकं फिरत नाही, असा नव्हे. कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांत, घरात मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांत आणि आजच्या जास्त कडक मालात हा धोका खरा आहे, हे मानसोपचारतज्ज्ञ रोज पाहतात. पण रकाना भरण्याची ती जुनी खोड आपल्याकडे अजून आहे. पोराचं बिनसलं की घरचे म्हणतात संगतीने बिघडला, पोलीस म्हणतात गांजाडी आहे, आणि त्याला नैराश्य होतं का, हे विचारायला कुणालाच सवड नसते.

आजचा कायदा १९८५ चा, अमली पदार्थांचा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही करून आपण जी मुदत मागून घेतली होती, ती संपत आल्यावर तो आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसता पाला आणि बी त्यात बसत नाही, म्हणून भांग कायद्याच्या कचाट्यातून निसटली. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; वीस किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण आणि किमान दहा वर्षं. लागवडीलाही दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण याच कायद्याने राज्य सरकारला लागवडीची परवानगी देण्याचा अधिकारही दिला आहे. उत्तराखंडने त्या वाटेने औद्योगिक भांगेची, म्हणजे धाग्यासाठीच्या वाणाची, शेती सुरू करून दिली, आणि हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये तिच्या प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. मोहोळचा अर्ज कायद्याच्या दृष्टीने वाटतो तितका वेडगळ नव्हता. तो फक्त चुकीच्या टेबलावर गेला होता.

पण सातारा-सांगलीत बसून नुसतं गांजावर बोलणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा मेफेड्रोनचा, म्हणजे एमडी या रासायनिक नशेच्या पदार्थाचा, तपास कुरकुंभच्या कारखान्यापासून निघाला आणि कुपवाडला येऊन पोहोचला. तिथे शंभर किलोहून जास्त माल सापडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा कारखानाच पकडला गेला, सुमारे २९ कोटींच्या मालासह. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई पोलीस जावळी तालुक्यातल्या सावरी गावापर्यंत आले. द्राक्ष, हळद, ऊस यांच्यासाठी ओळखले जाणारे हे तालुके एमडीच्या बातमीत यायला लागले, याचा धक्का इथल्या माणसांना बसला, आणि तो बसायलाच हवा होता. व्यायामशाळांतली इंजेक्शनं आणि नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या हा आणखी निराळा विषय. चिलमीला ओली छापी गुंडाळून बसणारा म्हातारा बैरागी आणि मोबाइलवर पुडी मागवणारा विद्यार्थी यांना एकाच कायद्याने आणि एकाच उपदेशाने हाताळता येत नाही.

आणि या सगळ्यांच्या वर दारू. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांचं प्रमाण २.८ टक्के निघालं. त्यांतही भांग घेणारे जास्त. दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी. त्याच पाहणीतला एक आकडा पुस्तकातल्या दोन-तीन लेखकांनी वापरला आहे, आणि तो पुन्हा सांगितला तरी चालेल. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ माणसांपैकी एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक.

आता परदेशाकडे वळू, कारण गांजावर कर लावून व्यसनमुक्ती चालवायची ही कल्पना तिथून आली. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये मतदानाने गांजा मोकळा केला आणि करातून उरणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा तरुणांचं प्रबोधन आणि उपचार यांच्यासाठी राखून ठेवला. ऐकायला छान. पण कर वाढवला की परवानाधारक दुकानदार म्हणतो, चोरटा बाजार मला मारतो. कमी केला की उपचाराचा पैसा आटतो. २०२५ मध्ये तिथे हा कर जुलैत १५ टक्क्यांवरून १९ वर गेला आणि काही महिन्यांतच पुन्हा १५ वर आणायचा कायदा झाला. व्यसनमुक्तीचा खर्च ज्या पैशातून निघायचा, तो पैसा लोक किती ओढतात आणि कुठून विकत घेतात यावर ठरू लागला.

ओरेगॉन या दुसऱ्या अमेरिकी राज्याची कथा याहून बोधप्रद आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ थांबतो. तिथे गांजा आधीच कायदेशीर होता. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला: स्वतःपुरते अमली पदार्थ बाळगणं, मग ते हेरॉइन असो की मेथ, यापुढे फौजदारी गुन्हा राहणार नाही, शंभर डॉलरचा दंड होईल, तोही हेल्पलाइनला फोन करून आरोग्य तपासणी करून घेतली तर माफ, आणि गांजाच्या करातला एका मर्यादेपलीकडचा सगळा पैसा उपचाराच्या निधीत जाईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिक्षेचा धाक संपला. पैसा मात्र समित्या, अर्ज, छाननी यांच्यात अडकला आणि संस्थांपर्यंत पोहोचायला वर्षाहून जास्त काळ गेला. दंडाच्या पावत्या फाडल्या गेल्या, पण फोन करणारे अगदी थोडे. तेवढ्यात फेंटानिल हा अतिघातक अमली पदार्थ आला, रस्त्यावर माणसं पडलेली दिसू लागली आणि लोकमत फिरलं. सप्टेंबर २०२४ पासून तिथे अमली पदार्थ बाळगणं पुन्हा गुन्हा झालं.

या अनुभवातून दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा धडा काढतात. बंदीवाले म्हणतात, पाहा, मोकळीक फसली. मोकळीकवाले म्हणतात, निमित्त फेंटानिलचं झालं. मला क्रम महत्त्वाचा वाटतो. कायदा एका तारखेला बदलता येतो. समुपदेशक, परिचारिका, खाटा, तालुक्याला पाठपुरावा करणारा माणूस हे एका तारखेला उभं राहत नाही. दार उघडलं तेव्हा आत घर बांधलेलंच नव्हतं.

आपल्याकडे कुणी म्हणेल, हा प्रयोग आपणही करून पाहू. माझं म्हणणं, तो आपण कधीच केला आहे, दारूवर. महाराष्ट्रात अजून १९४९ चा दारूबंदीचा कायदा लागू आहे. कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, देशीचा एका दिवसाचा दोन रुपयांना आणि विदेशीचा पाच रुपयांना. त्याच राज्यात दारूवरच्या उत्पादन शुल्काचं उत्पन्न वर्षाला वीस हजार कोटींच्या वर आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार काढला, आणि त्यातून वर्षाला आणखी १४ हजार कोटी मिळतील असा अंदाज सांगितला. त्या निर्णयावर खूप चर्चा झाली: कारखानदारांची, हॉटेलवाल्यांची, तिजोरीची. या १४ हजार कोटींतला किती भाग व्यसनी माणसाच्या उपचाराला, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ पासून आहे. धोरण आहे, महसूल आहे, आणि ३८ तला एक आहे. तेव्हा गांजाच्या करातून व्यसनमुक्ती करू म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन: दारूच्या करातून का झाली नाही?

यात सातारा-सांगली नुसती प्रेक्षक नाही. इथल्या साखरेच्या मळीतून अल्कोहोल निघतं, पलूसला वाइन पार्क झालं, द्राक्षाला वाइनचा आधार मिळेल अशी आशा इथल्या बागायतदाराला दाखवली गेली. आणि विरोधही इथलाच. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हा काही दिवसांतच बंडातात्या कराडकरांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात वारकरी टाळ घेऊन रस्त्यावर आले. त्या आंदोलनातली काही वक्तव्यं मला मुळीच मान्य नाहीत. पण त्यांच्या व्यसनमुक्त युवक संघाने गावोगावच्या पोरांना माळ घालून दारूपासून दूर ठेवलं, हेही खरं आहे आणि शहरी अभ्यासकांच्या टिपणांत ते येत नाही. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करण्यासाठी, गावोगाव झगडलेल्या बायकांचं तेच. या मतदानाची अट अशी, की झालेल्या मतांच्या नव्हे, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आमदार निवडून यायला एवढं लागत नाही.

दुसरी परंपरा उपचाराची. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ, अनिल अवचटांनी गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर, लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेली एक लाखाची देणगी, आणि जागा सरकारी. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात त्यांचं हे काम झाकलं गेलं, पण साताऱ्याच्या अनेक घरांना दाभोलकर आधी ठाऊक झाले ते व्यसनमुक्तीमुळे. पुढे मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. हमीद दाभोलकरांनी ते काम चालवलं. या दोन्ही कामांची महती गाताना एक गोष्ट मला खुपते. आपण त्यांच्याकडे सत्पुरुषांच्या गोष्टी म्हणून पाहतो. कुणी अवचट, कुणी दाभोलकर निघाला तर जिल्ह्याला व्यसनमुक्ती केंद्र, नाही तर नाही. बाळंतपण किंवा क्षय यांच्या बाबतीत आपण असं म्हणत नाही.

आणि खर्च कशाचा असतो, हेही समजून घ्यायला हवं. दारू एकाएकी तोडली तर थरथर, भास, झटके, क्वचित मृत्यू; तेव्हा पहिले सात-दहा दिवस डॉक्टर आणि औषधं हवीतच. गांजा सुटताना जीव जात नाही. झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. त्याच्या अवलंबित्वावर हमखास असं औषध नाही, मेफेड्रोनवरही नाही. म्हणजे खर्च आहे तो माणसांचा: समुपदेशकाचा, गटसभा घेणाऱ्याचा, सहा महिन्यांनी घरी जाऊन बायकोला आणि आईला विचारणाऱ्याचा. सरकारी अनुदानाला इमारत दिसते, यंत्र दिसतं, रंगवलेली भिंत दिसते. हा फिरणारा माणूस दिसत नाही, म्हणून त्याचा पगार कमी आणि कंत्राटी. ज्यांना परवडतं ते खासगी केंद्रात जातात. त्यांतली काही चांगली आहेत. काहींत कुलूप आणि काठी एवढाच उपचार असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरलं आणि उपचार हा हक्क ठरवला. ऊसतोडीवरून आलेल्या माणसाला या हक्काचा पत्ता कुणी सांगायचा?

आता सुरुवातीला म्हटलेल्या मुद्द्याकडे येतो. ज्या एनडीपीएस कायद्याला आपण नुसता शिक्षेचा कायदा समजतो, त्यात ६४-अ नावाचं एक कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो आपणहून उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ न्यायालयाला दोषी ठरलेल्या व्यसनीलाही शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याची मुभा देतं. कलम ७१ सरकारला अशी केंद्रं काढायचा अधिकार देतं. पण ६४-अ मध्ये एक अट आहे: उपचार सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेल्या वा मान्यता दिलेल्या ठिकाणी झाला पाहिजे. म्हणजे जतच्या पोराच्या खिशात पन्नास ग्रॅम गांजा सापडला, तर त्याला गुन्हेगार न ठरवण्याची सोय १९८५ चा हा कडक कायदाच करतो, फक्त त्याच्या आवाक्यात मान्यताप्राप्त खाट असेल तर. खाट नसेल तर कलम पुस्तकात राहतं आणि पोरगं कोर्टाच्या तारखांना फिरतं. इथे कायदा आणि पैसा वेगळे राहतच नाहीत. आपण ज्याला मोकळीक म्हणतो, तिचा बराचसा भाग आजच्या कायद्यात आहे. तो वापरण्यासाठी संसदेत नवा कायदा आणायला नको. सातारा आणि सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत व्यसनमुक्तीचा चालता विभाग आणि तालुक्याला बाह्यरुग्ण सेवा हवी.

पुस्तकातल्या मोकळीकवाल्या लेखकांशी माझा वाद इथे आहे, आणि बंदीवाल्यांशीही. पहिले म्हणतात, आधी कर येऊ द्या, मग उपचार आपोआप येईल. पैसा आपोआप कुठे जात नाही, हे दारूने दाखवलं आहे. दुसरे म्हणतात, धाक हवा. धाक १९८५ पासून आहे, आणि उसातली झाडं गेली नाहीत, वर कार्वेचा कारखाना आला. शेतीसाठी, धाग्यासाठी, औषधासाठी भांगेच्या लागवडीचा विचार वेगळा करायला माझी हरकत नाही. तो दुष्काळी पट्ट्याच्या पीकपद्धतीचा प्रश्न आहे आणि कृषी विद्यापीठांनी त्यावर काम करावं. चिलमीच्या गांजाचं मात्र मी एवढंच म्हणेन, की आज कर लावून विकायची घाई नको आणि खिशातल्या पुडीसाठी तुरुंगही नको.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत सरपंच, शिक्षक, पोलीस, डॉक्टर आणि ज्यांच्या घरात हे दुखणं आहे असे लोक असतील, असं मी धरून चालतो. या शेवटच्या वाचकांना एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबतो, कारण लेखांत ती विखुरलेली आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन फुकट आहे. फोन रुग्णानेच करावा असं काही नाही. आईने, बायकोने, भावाने केला तरी चालतो. जवळचं मान्यताप्राप्त केंद्र कुठलं, हा प्रश्न पहिला विचारा.